सुकटीसाठी सेडान

आमच्या घरात चारचाकी आली ती बायकोच्या कंबरेमुळे.

बायको डोळखांबच्या पुढे, डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. आम्ही शहापुरात राहतो. बारा वर्षं ती स्कूटरवरून जात-येत होती. गेल्या दिवाळीच्या आधी एक खड्डा चुकवायला गेली आणि शेजारच्या खड्ड्यात पडली. मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, रजा संपली की रुजू व्हा, जमत नसेल तर जिल्ह्याच्या ऑफिसात टेबलाचं काम घ्या, उपकेंद्रावर दुसरी बाई पाठवू.

"टेबलावर बसून मी काय करू?" ती मला म्हणाली. "तिकडच्या अर्ध्या पोरांना पहिलं मी बघितलंय, मग त्यांच्या आयांनी."

रजा संपायला महिना उरला होता. तेवढ्यात गाडी आली नाही, तर उपकेंद्र गेलं. गाडी चालवणार होती बायको. तिच्याकडे लायसन आहे आणि भावाची गाडी तिने मुरबाडपर्यंत नेलेली आहे. मला गाडी चालवता येत नाही. मी आसनगावहून रेल्वेने कल्याणला जातो आणि एका कारखान्याच्या हिशेब विभागात बसतो. ही दोन्ही माणसं वाचकाने लक्षात ठेवावीत, कारण गाडी पारखण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

बायकोची अट एकच होती. "मला चालवता येईल अशी बघा."

ही अट मला फार ढोबळ वाटली. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. मायलेज, विमा, टायर, सर्व्हिसिंगचा खर्च, पाच वर्षांनी विकली तर काय येईल, सगळे रकाने भरले. हॅचबॅक, एसयूव्ही आणि सेडान यांची तुलना केली आणि शेवटी निर्णय सेडानच्या बाजूने गेला. त्याचं खरं कारण सांगतो. ते कारण सुकट.

दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला, आम्ही मुरबाडच्या बाजारातून सुकी मासळी आणतो. सुकट, बोंबील, सोडे, बांगडा. गोणी तशी जड नसते, पण वासाचं वजन करता येत नाही. हॅचबॅक आणि एसयूव्हीत मागची जागा आतून उघडी, म्हणजे बोंबील आपल्यासोबत बसून येणार. सेडानची डिकी बंद. मासळी तिच्या घरात, माणसं आपल्या घरात. इतका साधा विचार मोटारींच्या जाहिरातींत कुठेही नाही.

कल्याणच्या एका शोरूममध्ये मी तो बोलून दाखवला. टाय लावलेला विक्रेता एसयूव्ही दाखवत होता. मी विचारलं, "मागे सुकट ठेवली तर वास पुढे येईल?"

त्याला हे शिकवलेलं नव्हतं. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, "सर, एसी आहे ना."

"एसीने वास थंड होईल. जाईल कुठे?"

दोघांनी मला पाणी दिलं आणि सेडानकडे नेलं. सेडान चांगली होती. किंमत बोर्डावर एक होती, आणि रस्त्यावर आणायची दुसरी. गाडी रस्त्यावर न आणता वापरायची सोय आहे का, असं मी विचारलं, पण तोपर्यंत मॅनेजर गेला होता. शिवाय नंबर लावला तर गाडी मिळणार होती बायकोची रजा संपल्यावर पाच आठवड्यांनी. म्हणजे जुनी बघणं आलं.

शहापुरात कोणी काही विकत घेणार असलं की सल्ला फुकट मिळतो, आणि एकाच प्रकारचा मिळतो. मी सेडान म्हटलं की समोरचा हसायचा.

"डोळखांब रोडला सेडान? अरे, पोट घासंल तिचं!"

"उंच गाडी घे रे. जरा माणसात दिसशील."

पोट घासण्याचा मुद्दा मात्र खरा होता. आमच्याकडे प्रत्येक पाड्यापुढे गावकऱ्यांनी स्वतः घातलेला ब्रेकर असतो. सरकारी ब्रेकरला काही माप असतं. गावच्या ब्रेकरची उंची ही शेवटचा अपघात किती मोठा होता आणि सिमेंट किती उरलं होतं यावर ठरते. कंपनीच्या कागदावर गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची दिलेली होती. ब्रेकरची उंची कोणत्याच कागदावर नव्हती. म्हणून एका रविवारी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, लाकडी पट्टी, सुतळी आणि दोन विटा घेऊन मी ती मोजायला निघालो.

रस्त्यावर ओणवा होऊन पट्टी लावणारा चष्मेवाला माणूस आमच्या भागात एकाच खात्याचा असू शकतो. पहिल्या पाड्यावर मला चहा मिळाला आणि गटाराची तक्रार. दुसऱ्यावर एक म्हातारी म्हणाली, "मोजतोस काय भाड्या, डांबर टाक!" तिसऱ्यावर एक लुंगीवाला गृहस्थ माझ्या पट्टीकडे बघत जवळ आला आणि म्हणाला, "सायेब, ब्रेकर काढायचा विचार हाय काय?"

"नाही हो. मी फक्त उंची बघतोय."

"हां," तो म्हणाला. त्याला काय समजायचं ते समजलं.

मापं जुळत होती. सगळ्यात उंच ब्रेकरवरूनही सेडान बोटभर अंतर राखून जाणार होती. मी तक्त्यात हिरवा रंग भरला.

गाडी मिळाली आसनगावला. मालक एक निवृत्त अधिकारी, एकटाच हाताळणारा, स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणारा. गाडीवर कापडाचं आवरण, त्याखाली दुसरं प्लॅस्टिकचं. सात वर्षांची गाडी, पण सीटवर शोरूममधलं प्लॅस्टिक जसंच्या तसं. "एकदाही काढलं नाही," ते म्हणाले. त्या सीटवर ते स्वतःही बसले नव्हते, प्लॅस्टिकवर बसले होते. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय हवं? मला ते सख्ख्या भावासारखे वाटले.

पण घरच्यांचं समाधान नव्हतं. आई म्हणाली, वडीलधारं कोणी बघितल्याशिवाय जनावर आणि गाडी घेऊ नये. म्हणून मुरबाडहून आत्याच्या यजमानांना बोलावलं. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत तीस-पस्तीस वर्षं बैलांची दलाली केली. आता बैल कमी झाले, गुडघे गेले, पण नजर गेली नाही असं ते स्वतः सांगतात. मेकॅनिकही बरोबर घेतला, म्हणजे शास्त्र आणि परंपरा दोन्ही झाल्या. बायको म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, ये की. पाच माणसं झाली तर पूर्ण भाराची चाचणी होईल.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मालकांना विचारलं, "दात किती?"

"दात?" मालक म्हणाले.

"मॉडेल कोणत्या सालचं ते विचारताहेत," मी सांगितलं.

मामांनी बॉनेटवर थाप मारली, मागे जाऊन सायलेन्सरमध्ये बोट घातलं, ते उन्हात धरून बघितलं. "पोट साफ हाय," ते म्हणाले. मग मालकांच्या अगदी जवळ गेले. "येवढी चांगली हाय, तर इकता कशाला?"

"मुलगा म्हणतो एसयूव्ही घ्या."

"पोराचं ऐकता?" मामांच्या मनातून मालक उतरले.

पुढच्या बंपरला लिंबू-मिरची टांगलेली होती. मालक जरा अदबीने म्हणाले, "दर शनिवारी बदलतो. तुम्हीही चालू ठेवा. गाडीला लाभतं."

"आमच्यात लिंबू सरबताला वापरतात," मामा म्हणाले.

आमच्या घराण्याने धम्म घेतला तेव्हा मामा जन्मालाही आले नव्हते, पण या बाबतीत ते पहिल्या पिढीइतके कडक आहेत. मला त्यांचा अभिमान वाटला. तो अर्धा मिनिट टिकला. डाव्या दरवाजाजवळ मामा वाकले आणि एकदम सरळ झाले.

"भोवरा हाय."

सगळे वाकले. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा असतो तशा, उन्हात रंगावर गोल गोल रेघा चमकत होत्या.

"मामा, पॉलिशचा फेर हाय तो," मेकॅनिक म्हणाला. "मशीन मारल्यावर पडतो."

"डाव्या खांद्याचा भोवरा. मालकिणीला लाभत नाय."

मी म्हटलं, "मामा, लिंबू मानत नाही आणि भोवरा मानता?"

"लिंबू अंधश्रद्धा हाय," मामा म्हणाले. "भोवरा अनुभव हाय."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मालकीण तीच होती, पण तिला कोणी काही विचारलं नाही.

मग चाचणी. चालवायला मेकॅनिक. मामांचे गुडघे म्हणून मामा पुढे. मागे एका खिडकीशी मालक, दुसऱ्या खिडकीशी मी, आणि मधे बायको. मधे बसताना तिच्या कंबरेमागे मी उशी दिली, हे माझ्या बाजूने नमूद करतो. डिकीत मी घरून आणलेली तांदळाची गोणी ठेवली, कारण रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षा नव्हे. प्लॅस्टिकवर आम्ही तिघं प्रत्येक वळणाला एकाच दिशेला घसरत होतो आणि मालक पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हळू, हळू, सीट फाटेल."

पहिले दोन पाडे सुखरूप गेले. मी मनात हिरव्या रंगाला शाबासकी दिली. तिसऱ्या पाड्यावर गाडीची पुढची चाकं ब्रेकरवरून उतरली आणि खालून आवाज आला. जात्यात खडा गेल्यासारखा. मालकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरलं.

मेकॅनिकने गाडी मागे घेतली. मागे जातानाही तोच आवाज.

"बसका हाय," मामा म्हणाले. "दम हाय, पण बसका हाय."

मी पट्टी घेऊन उतरलो. ब्रेकर माझ्या मापापेक्षा दोन बोटं उंच झाला होता. वरचं सिमेंट ताजं होतं. तेवढ्यात लुंगीवाले गृहस्थ आले आणि आनंदाने म्हणाले, "सायेब, या. आता काढून दाखवा."

माझ्या मोजणीमुळेच ब्रेकर वाढला होता. हा धोका तक्त्यात कोणत्या रकान्यात घालतात हे मला अजून समजलेलं नाही. मी गाडीपाशी येऊन सांगितलं, "नापास. ही गाडी या रस्त्यावर चालणार नाही."

मालक दुखावले. मेकॅनिक स्प्रिंगखाली रबर टाकायचा खर्च सांगू लागला. मामा म्हणाले, म्हशाला असा बैल तांबडं फुटायच्या आत विकून टाकतात. रजा संपायला नऊ दिवस होते. बायकोचा चेहरा मला मधल्या सीटवर दिसत होता. ती कोणाकडे बघत नव्हती, समोरच्या डोंगराकडे बघत होती. तिचं उपकेंद्र त्याच्या पलीकडे.

"मला उतरू द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, कंबर धरली. मी हात दिला. उतरून तिने पाठ सरळ केली आणि म्हणाली, "आता सगळे उतरा."

"आम्ही? कशाला?"

"उतरा तर. मामा, तुमी पन. आणि अहो, डिकीतला तांदूळ काढा."

आम्ही उतरलो. मी गोणी काढून रस्त्याकडेला ठेवली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पार पुढे ओढली, माझ्याकडून कंबरेची उशी मागून घेतली आणि अंगाखाली घातली.

मालकांचा आवाज बारीक झाला. "वहिनी चालवणार?"

"मग कोन चालवणार?" बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "रोज तुमी चौघंजण तांदूळ घेऊन येणार हायत काय माझ्यासंगती डूटीला?"

तिने गाडी तिरकी घेतली, एकेक चाक चढवलं, एकेक उतरवलं. आम्ही पाचही पुरुष, लुंगीवाल्यांसकट, खाली वाकून बघत होतो. पोट आणि सिमेंट यांच्यामधून पलीकडचं शेत दिसलं. आवाज काही आला नाही.

ती थांबेल आणि वळेल असं आम्हाला वाटलं. ती पुढे गेली. वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागला, विझला, आणि गाडी दिसेनाशी झाली.

"लायसन आहे ना?" मालकांनी विचारलं.

"आहे. आठ वर्षं झाली."

"आणि चालवली किती?"

मी तांदळाच्या गोणीवर बसलो.

तिकडे फोन लागत नाही. मी अंतर आणि वेग यांचा हिशेब केला आणि सगळ्यांना सांगितलं, अर्ध्या तासात येईल. अर्धा तास झाला. मग मी परत हिशेब केला. लुंगीवाल्यांनी घरून पाणी आणलं आणि साहेब ब्रेकर काढणार नाहीत याची माझ्याकडून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मालक रस्त्याच्या मधोमध उभे राहून वळणाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, ते सांगता येत नव्हतं.

मामांना त्यांची दया आली असावी. त्यांनी मालकांना शेजारी बसवून घेतलं, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आणि त्यांचा हात धरला. म्हशाला बैलांचा सौदा असाच होतो. टॉवेलखाली बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबून नाकारायचा. आजूबाजूच्या शंभर माणसांना आकडा कळत नाही. मला ठाऊक होतं. मेकॅनिकला ठाऊक होतं. मालकांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारा धीर देतोय.

मामांनी काहीतरी दाबलं. मालकांनी उसासा टाकून परत दाबलं. मामांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा दाबलं. मालक मान डोलावून म्हणाले, "हो, हो. खरं आहे तुमचं."

"झाला सौदा!" मामांनी टॉवेल झटकला.

"कसला सौदा?"

मामांनी त्यांच्या कानात आकडा सांगितला. मालक उभे राहिले. "एवढ्यात तर चार टायर आणि स्टेपनी येईल!"

"हात तुमीच दाबला."

"मला वाटलं, तुम्ही सांत्वन करताय!"

"तीस-पस्तीस वर्षांत म्हशाला असं कोनी म्हटलं नाय," मामा म्हणाले. त्यांचा खरोखर अपमान झाला होता. मालकांचाही झाला होता. दोघं एकाच गोणीच्या दोन टोकांना पाठ करून बसले, आणि मधे मी.

गाडी आली तेव्हा दीड तास उलटून गेला होता. बायकोने ती ब्रेकरवरून तशीच तिरकी, हळूच उतरवली आणि आमच्यापुढे उभी केली.

"एवढा वेळ?" मी म्हटलं.

"उपकेंद्रापर्यंत गेले. कंबर तेवढं सोसते का बघायला नको? तिथल्या आशाताईने च्या ठेवला. नाय कसं म्हनू?" ती खाली उतरली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकली, पुन्हा सरळ झाली. "सोसते. क्लच हलका हाय. बॉनेट दिसत नाय, पन उशी घेतली की दिसतं. गाडी घ्यायची."

"पोट घासतं त्याचं काय?"

"तुमी बसलात की घासतं."

मग ती मालकांकडे वळली आणि भाव टॉवेलशिवाय, मोठ्याने, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा केला. तो मामांच्या आकड्याच्या वर आणि मालकांच्या आकड्याच्या खाली होता. मालक कबूल झाले. मला वाटतं, त्यांना गाडी जिवंत बघूनच बरं वाटलं होतं. मामांनी तोंड फिरवलं. "भाव असा उघड्यावर करायचा असतो काय गो?" ते म्हणाले, पण हळू.

"एकच," बायको म्हणाली. "प्लॅस्टिक काढायचं. घसरायला होतं. ब्रेक दाबला की मी खाली जाते."

मालकांचा चेहरा पडला. किमतीला जो माणूस पाच मिनिटांत तयार झाला, तो प्लॅस्टिकला तयार होईना. "ताई, गाडी तुमची. पण माझ्यासमोर नको."

"मी पण म्हणतो, राहू दे," मी म्हटलं. "पुढे विकताना—"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मालकांना घेऊन जरा पुढे, शेताच्या बांधापर्यंत गेलो. मागून प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज आला, लांबलचक. आम्ही दोघंही वळलो नाही. त्यांनी माझा हात धरला, आणि या वेळी तो नुसताच धरला होता.

गाडी घरी आली तेव्हा आईने त्रिसरण पंचशील म्हटलं, सगळ्यांना पेढा दिला आणि मामांना दोन, कारण त्यांचा राग गेला नव्हता. रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बायको उशीवर बसून उपकेंद्रावर रुजू झाली. तिच्या जागी यायची बाई दुसरीकडे गेली.

डिकी पहिल्याच आठवड्यात गेली. त्यात आता बाळांचा वजनकाटा आहे, औषधांचे खोके आहेत, घडीची खुर्ची आहे. मे महिन्यात आम्ही मुरबाडला आगोटीच्या बाजाराला गेलो, परतताना मामांना बरोबर घेतलं, आणि मी सुकट-बोंबलाची गोणी घेऊन डिकीपाशी उभा राहिलो. बायको म्हणाली, "तिथं नाय हां. पोरांची औषधं हायत."

ज्या एका कारणासाठी सेडान घेतली ते कारण मी मांडीवर घेऊन बसलो. काचा उघड्या ठेवल्या. एसीचा उपयोग होणार नाही हे मी पूर्वीच सिद्ध केलेलं होतं.

आता मुरबाडच्या रस्त्यालाही ब्रेकर आहेत. गाडी भरलेली असली की मोठ्या ब्रेकरपाशी बायको थांबते. आम्ही दारं उघडून उतरतो, ती गाडी पलीकडे नेते, आम्ही चालत जाऊन पुन्हा बसतो. मला सुरुवातीला लाज वाटायची. मामांना मात्र त्या बाजाराच्या दिवशी गाडी पहिल्यांदा पूर्ण पटली. काठी टेकत ब्रेकर ओलांडताना ते म्हणाले, "बराबर हाय तिचं. चढाला गाडीत बसून राहतो तो मानूस नव्हं. आमी बैलांना कधी असं वागवलं नाय."

मी गोणी खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागून निघालो.